एसपीएफ ५०चा वाद कोर्टात पोहोचला, पण नाजूक त्वचेसाठी सनस्क्रीन निवडायचं कसं?

२६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र. अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर दर्शनासाठी रांग लागली होती आणि नेमक्या त्याच वेळी हवामान विभागाने मुंबई, ठाणे आणि रायगडसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. तोही फेब्रुवारीत! शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधल्या या शिलाहारकालीन मंदिरात दरवर्षी महाशिवरात्रीला मोठी गर्दी होते. उन्हापासून वाचण्यासाठी कुणाच्या डोक्यावर पदर असतो, कुणाच्या तोंडाला स्कार्फ, कुणाच्या डोक्यावर टोपी. अलीकडे अनेकींच्या आणि अनेकांच्या बॅगेत आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे सनस्क्रीनची ट्यूब.

पण ही ट्यूब सगळ्यांनाच मानवते असं नाही. काहींच्या गालांची आग होते, कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाच्या कपाळावर दुसऱ्या दिवशी बारीक पुरळ उठतं. मग दोनच वेळा वापरलेली ट्यूब कपाटात पडून राहते आणि इन्स्टाग्रामवर पुढच्या ट्यूबचा शोध सुरू होतो. तिथे प्रत्येक ब्रँड सांगतो, आमचाच एसपीएफ खरा.

महाशिवरात्रीनंतर दोन महिन्यांच्या आतच याच आकड्यावरून दोन बड्या कंपन्या कोर्टात गेल्या. या वादाने ग्राहकांपुढे एक जुना प्रश्न नव्याने आणला. ट्यूबवरचा आकडा घरी बसून तपासता येत नसेल, तर सनस्क्रीन निवडायचं कशाच्या आधारावर? आणि त्वचा नाजूक असेल तर?

कोर्टातला वाद काय होता?

एप्रिल २०२५ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरच्या 'लॅक्मे' ब्रँडने सनस्क्रीनची जाहिरात आणली. 'ऑनलाइन बेस्टसेलर' असलेली काही सनस्क्रीन्स एसपीएफ ५० चा दावा करतात, पण चाचणीत त्यांचा एसपीएफ २० च्या आसपास भरतो, असा या जाहिरातीचा रोख होता. जाहिरातीत कुणाचं नाव घेतलं नव्हतं. मात्र दाखवलेलं पॅकिंग आपल्या 'द डर्मा को' या ब्रँडसारखं आहे, असा 'मामाअर्थ'ची मालक कंपनी असलेल्या होनासा कन्झ्युमरचा आक्षेप होता. होनासाने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. होनासाकडून सोशल मीडियावर आलेल्या पोस्टविरोधात हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली.

दिल्लीतल्या सुनावणीत हिंदुस्थान युनिलिव्हरने जाहिरातीत बदल करण्याची तयारी दाखवली आणि होनासाने आपल्या पोस्ट हटवण्याची. जाहिरातीचं भांडण असं तडजोडीवर आलं. त्यामुळे कुठल्या ट्यूबमधल्या क्रीमचा एसपीएफ खरोखर किती आहे, यावर निर्णय द्यायची वेळच आली नाही. ग्राहकाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

एसपीएफ मोजतात तरी कसा?

एसपीएफ म्हणजे सन प्रोटेक्शन फॅक्टर. तो मोजण्याची प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धत माणसांवरच्या चाचणीची आहे. किमान १० स्वयंसेवकांच्या पाठीवर ठरलेल्या प्रमाणात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. मग सूर्यप्रकाशासारखा प्रकाश देणाऱ्या दिव्याखाली त्वचा किती वेळाने लाल होते ते पाहतात. क्रीम लावलेल्या आणि न लावलेल्या त्वचेला लाल व्हायला लागणाऱ्या वेळेचं गुणोत्तर म्हणजे एसपीएफ.

या पद्धतीतून तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट, एसपीएफ प्रामुख्याने त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल बोलतो. त्वचेत खोलवर जाणाऱ्या, काळपटपणा आणि सुरकुत्यांना हातभार लावणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द किंवा जपानमधून आलेलं 'पीए' चिन्ह पाहावं लागतं. पीएच्या पुढे जितके अधिक '+', तितकं यूव्हीएपासून संरक्षण अधिक. हे किरण खिडकीच्या काचेतूनही मोठ्या प्रमाणात आत येतात.

दुसरी गोष्ट, ही चाचणी उजळ त्वचेच्या लोकांवर होते, कारण लाली त्यांच्याच त्वचेवर चटकन दिसते. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेच्या लोकांची तक्रार बहुतेक वेळा वेगळी असते. त्यांची त्वचा लाल होण्यापेक्षा काळवंडते, डाग राहतात, गालांवर वांग येतो. एसपीएफचा आकडा ही तक्रार मोजतच नाही.

तिसरी गोष्ट, ३० आणि ५० या आकड्यांमधला फरक वाटतो तितका मोठा नाही. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के यूव्हीबी अडवतं, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. अर्थात हे गणित चाचणीइतकं जाड क्रीम लावलं तरच खरं ठरतं.

आकड्यावर विश्वास ठेवणारे फसले ते कुठे कुठे?

हा प्रश्न फक्त भारतातला नाही. डिसेंबर २०२० मध्ये 'प्युरिटो' या कोरियन ब्रँडचं एक सनस्क्रीन चर्चेत आलं. ते सुगंधविरहित होतं आणि म्हणूनच नाजूक त्वचेच्या लोकांमध्ये लोकप्रिय होतं. ट्यूबवर एसपीएफ ५०+ होतं, पण स्वतंत्र चाचणीत ते १९ च्या आसपास भरलं. कंपनीला उत्पादन मागे घ्यावं लागलं.

जून २०२५ मध्ये 'चॉइस' या ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक संस्थेने २० सनस्क्रीन्स तपासली. त्यांपैकी १६ आपल्या दाव्यापर्यंत पोहोचली नाहीत. 'अल्ट्रा व्हायलेट' ब्रँडच्या एका ५०+ सनस्क्रीनचा एसपीएफ तर ४ निघाला. कंपनीने आधी हा निष्कर्ष नाकारला. पुढे वेगवेगळ्या चाचण्यांमध्ये ४ पासून ६४ पर्यंत आकडे आले आणि ऑगस्टमध्ये ते उत्पादन बाजारातून काढून घेण्यात आलं. विशेष म्हणजे ते झिंक ऑक्साइडवर आधारित होतं, म्हणजे नाजूक त्वचेसाठी ज्याची सर्वाधिक शिफारस होते त्याच प्रकारातलं.

ऑस्ट्रेलियात सनस्क्रीनवर औषध नियामकाचं नियंत्रण असतं. भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलं जातं. म्हणजे जिथे नियम कडक आहेत तिथेही आकडा चुकू शकतो. याचा अर्थ सनस्क्रीन वापरणं सोडून द्यावं असा नाही. सगळा भरवसा एकाच आकड्यावर टाकू नये, इतकाच.

'सेन्सिटिव्ह स्किन' म्हणजे नेमकं काय?

हा स्वतंत्र आजार नाही. इतरांना काहीही न करणाऱ्या गोष्टींनी त्वचेची आग होणं, खाज सुटणं, त्वचा ताणल्यासारखी वाटणं, याला ढोबळपणे नाजूक किंवा संवेदनशील त्वचा म्हणतात. पण सनस्क्रीन न मानवण्याची कारणं वेगवेगळी असू शकतात.

लावताक्षणी चुरचुरतं आणि धुतल्यावर बरं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा साधी जळजळ असते. एक-दोन दिवसांनी खाज येऊन पुरळ उठलं, तर एखाद्या घटकाची ॲलर्जी असू शकते. क्रीम लावूनही फक्त उन्हात गेल्यावरच पुरळ येत असेल, तर त्या घटकाची आणि उन्हाची मिळून प्रतिक्रिया असण्याची शक्यता असते. घाम आणि जाडसर क्रीम यांनी छिद्रं बुजून फोड आले, तर ती ॲलर्जी नव्हे. अंबरनाथ-बदलापूरच्या दमट उन्हाळ्यात हा चौथा प्रकारही सर्रास दिसतो.

म्हणून 'मला सनस्क्रीन चालतच नाही' हे वाक्य अर्धवट असतं. 'मला कोणता घटक चालत नाही' हे कळलं तर पुढचा मार्ग सापडतो.

ट्यूबच्या मागे काय वाचायचं?

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जाहिरात असते, कामाची माहिती मागच्या बारीक अक्षरांत. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. नाजूक त्वचा असेल तर त्यात या गोष्टी पाहाव्यात.

• फिल्टर कोणता आहे? झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे खनिज फिल्टर आहेत. त्यांची ॲलर्जी क्वचितच होते. रासायनिक फिल्टरपैकी ऑक्सिबेन्झोन, म्हणजेच बेन्झोफेनोन-३, ॲलर्जीसाठी सर्वाधिक बदनाम आहे. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१४ साली बेन्झोफेनोन्सना 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. ऑक्टोक्रिलीननेही काहींना त्रास होतो. मात्र सगळे रासायनिक फिल्टर वाईट नसतात. बेमोट्रिझिनॉलसारखे नवे फिल्टर अनेकांना चांगले मानवतात.

• सुगंध आहे का? यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' दिसलं तर ट्यूब खाली ठेवावी. लॅव्हेंडर किंवा लिंबूवर्गीय तेलं 'नैसर्गिक' असली, तरी नाजूक त्वचेला तीही सुगंधच.

• अल्कोहोल कितव्या क्रमांकावर आहे? 'अल्कोहोल डिनॅट' पहिल्या चार-पाच घटकांत असेल तर चुरचुरण्याची शक्यता वाढते. हलकी, पाण्यासारखी वाटणारी अनेक सनस्क्रीन्स यामुळेच हलकी असतात.

• प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं? मिथाइलआयसोथायाझोलिनोन या घटकाने ॲलर्जी होण्याचं प्रमाण इतकं वाढलं, की युरोपने त्वचेवर लावून ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली.

'हायपोॲलर्जेनिक' किंवा 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' हे शब्द वाचून निश्चिंत होऊ नये. चाचणी किती जणांवर झाली आणि निष्कर्ष काय आला, हे त्या शब्दांतून कळत नाही.

झिंक चांगलं, पण चेहरा पांढराफटक दिसतो त्याचं काय?

ही तक्रार खरी आहे. खनिज सनस्क्रीन सावळ्या त्वचेवर राखाडी थर देतं. मग लोक ते कमी लावतात आणि संरक्षणही कमी होतं. यावर टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाशी जुळणारं सनस्क्रीन हा एक उपाय आहे. त्यात आयर्न ऑक्साइड असतं. त्यामुळे पांढरटपणा झाकला जातो, शिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडतो. वांगाचे डाग वाढवण्यात या प्रकाशाचाही वाटा असतो. त्यामुळे वांग असलेल्यांसाठी टिंटेड सनस्क्रीन हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही.

त्वचा मुळात नाजूक होती, की झाली?

सनस्क्रीन बदलून बदलून थकलेल्यांनी हा प्रश्न आधी विचारायला हवा. कारण दोष अनेकदा सनस्क्रीनचा नसतो.

गोरं होण्यासाठी किंवा डाग घालवण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडची मलमं चेहऱ्याची त्वचा पातळ करतात. आधी चेहरा उजळतो. नंतर तो लाल होतो, ऊन सोसत नाही, काहीही लावलं तरी आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही मैत्रिणीने सांगितलं म्हणून ती वापरणं थांबलेलं नाही. अशा त्वचेवर महागडं सनस्क्रीन थापण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणं गरजेचं आहे. कित्येक महिने वापरलेलं मलम अचानक बंद केल्यावरही त्रास उसळतो.

बिनलेबलच्या डबीतल्या क्रीमचा धोका तर याहून मोठा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या किडनीला इजा झाल्याचं समोर आलं. त्या स्थानिक पातळीवर मिळालेली गोरेपणाची क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत या क्रीममध्ये पारा आढळला.

औषधांचाही संबंध असतो. उल्हास नदीला पूर आला की बदलापूर परिसरात लोकांना पाण्यातून वाट काढावी लागते. अशा वेळी लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. मुरुमांसाठीही हेच औषध दिलं जातं. त्याने त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. मुरुमांवरच्या रेटिनॉइड क्रीमने आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तसं होऊ शकतं. औषध मनाने बंद करू नये, मात्र ऊन सोसेनासं झाल्याचं डॉक्टरांना सांगावं. आणि चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाण्याचा घरगुती उपाय तर अजिबात नको. लिंबाच्या रसातल्या घटकांमुळे ऊन लागताच त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात.

किती लावायचं, आणि ट्यूब किती दिवस पुरते?

चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर ओढलेल्या दोन रेघांइतकं सनस्क्रीन लागतं. हे साधारण १ ग्रॅम होतं. बहुतेक लोक याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात. तेव्हा ट्यूबवर ५० असलं तरी त्वचेला मिळणारं संरक्षण निम्म्यावर किंवा त्याखाली येतं.

याच हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा वापरली तर सुमारे ५० दिवस पुरते, दोनदा वापरली तर २५ दिवस. तीच ट्यूब सहा महिने चालत असेल तर ती वापरली जातच नाहीये. म्हणून १,५०० रुपयांची ट्यूब काटकसरीने लावण्यापेक्षा ३००-४०० रुपयांची, आपल्या त्वचेला मानवणारी ट्यूब पुरेशी लावणं जास्त उपयोगाचं.

बाहेर उन्हात असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावं. दिवसभर ऑफिसमध्ये खिडकीपासून दूर बसणाऱ्यांना दर दोन तासांची गरज नाही.

ऊन कधी टाळायचं?

उकाडा आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढगाळ, गार दिवशीही हे किरण बऱ्यापैकी पोहोचतात. उलट सनस्क्रीन लावल्याने उष्माघात टळत नाही. त्यासाठी पाणी आणि सावलीच हवी. मोबाइलमधल्या हवामानाच्या ॲपवर 'यूव्ही इंडेक्स' दिसतो. तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तर त्वचेला संरक्षण द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ॲप नसेल तर सावली पाहावी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल, तर किरण तीव्र आहेत. अंबरनाथला साधारण साडेबाराच्या सुमारास सूर्य माथ्यावर येतो आणि मे महिन्याच्या मध्यात एक दिवस असा येतो की त्या वेळी उभ्या माणसाची सावली पायाखालीच नाहीशी होते. त्यामुळे सकाळी सातची लोकल पकडणाऱ्यापेक्षा दुपारी बाराला पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाला, भाजीवालीला आणि चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाला संरक्षणाची गरज कितीतरी जास्त आहे. त्यांच्यासाठी रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या आणि छत्री ही सर्वात स्वस्त साधनं आहेत. त्यांची ॲलर्जीही होत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर सनस्क्रीन लावूच नये, सावलीत ठेवावं.

विकत घेताना आणि पहिल्यांदा लावताना

उल्हासनगरच्या घाऊक बाजारातून घ्या, स्टेशनजवळच्या मेडिकलमधून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पण काही गोष्टी पाहूनच घ्या. ट्यूबवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत हवी. परदेशी सनस्क्रीन असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही हवा. कोरियन ट्यूबवर यातलं काहीच नसेल, तर ती कितीही स्वस्त मिळत असली तरी ती कुठून आली हे कळायला मार्ग नाही.

आधी लहान ट्यूब घ्यावी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं क्रीम दिवसातून दोनदा, सलग आठवडाभर लावून पाहावं. काही झालं नाही तर जबड्याच्या कडेला लावावं आणि मग पूर्ण चेहऱ्यावर. या काळात दुसरं कुठलंही नवं प्रसाधन सुरू करू नये, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही. पुरळ आलं तर ट्यूब फेकू नये. डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्यावी, घटकांची यादी तिथे कामी येते. डोळे सुजले, फोड आले किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावं.

शिफारस करणाऱ्यांकडेही डोळसपणे पाहावं. भारतीय जाहिरात मानक परिषद म्हणजे 'ॲस्की'च्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहावं लागतं. २०२३ पासून आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी आपली पात्रता सांगणंही अपेक्षित आहे. फसवणूक झाली असं वाटलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाबद्दल तक्रार असेल तर ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

थोडक्यात

ट्यूबवरचा ५० खरा आहे का, हे ग्राहकाला तपासता येत नाही. ते काम नियामकांचं आणि कंपन्यांचं आहे आणि ते त्यांच्याकडून मागायलाच हवं. पण घटकांची यादी वाचणं, परवाना क्रमांक पाहणं, आठवडाभर कानामागे लावून बघणं आणि दोन बोटांइतकं लावणं ग्राहकाच्या हातात आहे. नाजूक त्वचेसाठी निवड करताना एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम, सुगंधविरहित आणि शक्यतो झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन पुरेसं आहे. त्यातलं जे पूर्ण प्रमाणात लावूनही चेहऱ्याची आग होत नाही आणि जे पुढच्या महिन्यातही विकत घेणं परवडतं, ते आपलं. आणि भर दुपारी दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं असेल, तर ते लावूनसुद्धा छत्री सोबत असावी.